इंजिन तापले की आधी गाळणी

होडीचे इंजिन तापले की आमच्याकडे पहिला दोष इंजिनाला, दुसरा मेकॅनिकला. आम्हांला हे पटत नाही. एक्झॉस्टबरोबर समुद्राचे पाणी बाहेर पडते ना, ते आधी पाहावे. धार बारीक झाली असेल तर इंजिन थांबवून, तळाचा कॉक बंद करून गाळणी उघडावी. मांडवीच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवीच पुष्कळदा हाती लागते! गाळणी साफ असेल तर पंपाचा रबरी पंखा तपासावा. कोरडा फिरला की तो लवकर जळतो, आणि तुटलेली पाती पुढे कूलरच्या नळ्यांत अडकतात. तीही शोधून काढावीत. गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून थेट तोंडावर येते. मासळी थांबत नाही हे खरे, पण इंजिन निवेपर्यंत आपण थांबावे.