मांजराला ओव्याचं पाणी पाजू नका

मांजराचं पोट फुगलं, खोलीत वास यायला लागला, की घरातलं कुणीतरी मिसळणाच्या डब्याकडे वळतं. तान्ह्या मुलाला चालतं ते हिला का चालू नये? या प्रश्नामागची माया खरी आहे, पण उत्तर ‘चालत नाही’ हेच आहे. फिनॉल जातीची द्रव्यं निकामी करून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार तोकडी असते, आणि ओव्यातला थायमॉल याच जातीतला. खायचा सोडा जठरातल्या आम्लात मिसळला की आणखी वायूच सोडतो. लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि पोट दुखत असेल म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते.

यापेक्षा वजनदार आक्षेप वेगळाच आहे: ‘आमच्या आजीची मांजरं दूध-पोळीवरच वाढली की!’ वाढली खरी, पण दूध-पोळीवर नव्हे. माळ्यावर आणि धान्याच्या कणगीमागे ती रात्रभर उंदीर मारत होती. उंदरात प्रथिनं आणि चरबी भरपूर, पिष्ट नावापुरतं. मांजराचं आखूड आतडं अशाच खाण्यासाठी घडलं आहे. बशीतलं दूध हा वरचा घोट होता. आज तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला उंदीर दिसत नाही, आणि तीच बशी तिचं जेवण होऊन बसली आहे. पिल्लू आईपासून तुटलं की दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे विकर कमी होत जातं. मग बहुतेक मांजरांत न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते, तिथल्या जिवाणूंमुळे आंबते आणि वायू धरतो. पातळ शी होते तीही त्यामुळेच. ओवा शोधण्याआधी दूध थांबवा.

‘लंघन घडू दे, आपोआप बरी होईल’ हेही मला मान्य नाही. मांजर, त्यातही जाडजूड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते आणि दुखणं जिवावर बेततं.

मग करायचं काय? मुख्य जेवण मांसाचंच असू द्या. पोट बिघडलेलं असताना दोन-चार दिवस उकडलेलं चिकन चालेल: बिनमिठाचं, बिनकांद्याचं, हाडं काढलेलं. पण कायमचं नुसतं चिकन पुरत नाही. टॉरिन कमी पडलं तर मांजराचे डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात, म्हणून रोजचं खाणं मांजरासाठी केलेलं, परिपूर्णच हवं. खाणं बदलताना जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत आठ-दहा दिवस घ्या. एका रात्रीत पिशवी बदलली की पोट बंड करणारच. दोन मांजरं एका थाळीत जेवत असतील तर त्यांच्याकडे नीट बघा. दुसरीच्या धाकाने पहिली न चावता गिळते आणि घासाबरोबर हवाही पोटात घेते. थाळ्या वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. जंताचं औषध मात्र वजन करून डॉक्टरांनीच द्यावं.

एका गोष्टीत घरगुती अंदाज अगदीच नको. बोका वाळूच्या डब्यात पुन्हा पुन्हा बसतो, कण्हतो, पोट घट्ट लागतं, पण लघवीचा थेंब येत नाही. याला गॅस समजून शेकत बसू नका, पोट दाबूनही पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असतो आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. रात्र असली तरी प्राण्यांचा दवाखाना गाठा.