अमेरिकेत सोनोग्राफर व्हायचंय? पदवीनंतरच्या सर्टिफिकेटचं गणित आधी समजून घ्या

भारतात सोनोग्राफी करायला गेलं की प्रोब डॉक्टरांच्याच हातात असतो. अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे पेशंटच्या पोटावर जेल लावून प्रोब फिरवणारी आणि नेमक्या प्रतिमा टिपणारी व्यक्ती बहुतेक वेळा डॉक्टर नसते. ती असते सोनोग्राफर. डॉक्टर त्या प्रतिमा नंतर पाहतात आणि रिपोर्ट देतात.

या कामाला पगारही चांगला आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये सोनोग्राफरचं मध्यम वार्षिक वेतन ८४ हजार डॉलरच्या पुढे होतं. म्हणजे निम्म्या सोनोग्राफरना त्याहून जास्त मिळत होतं. त्यामुळे जोडीदाराच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेलेल्या आणि हातात बीएस्सी, फिजिओथेरपी किंवा होमिओपॅथीची पदवी असलेल्यांचं लक्ष या कोर्सकडे जाणं साहजिक आहे.

पण इथे एक चुकीचा कोर्स निवडला, तर दोन वर्षं आणि हजारो डॉलर वाया जाऊ शकतात. म्हणून आधी नियोजन समजून घेऊ.

हे सर्टिफिकेट नेमकं काय आहे?

ज्यांच्याकडे आधीच कुठल्यातरी विषयाची बॅचलर्स पदवी आहे, त्यांच्यासाठी हा कोर्स असतो. पुन्हा चार वर्षांची पदवी न करता फक्त सोनोग्राफीचे विषय आणि हॉस्पिटलमधलं प्रत्यक्ष काम शिकायचं. कोर्सचा काळ साधारण एक ते दोन वर्षं.

पहिली अडचण इथेच येते. आपल्याकडची बीएस्सी तीन वर्षांची, अमेरिकेतली बॅचलर्स चार वर्षांची. प्रत्येक कॉलेज तीन वर्षांची पदवी बरोबरीची धरेलच असं नाही. त्यामुळे सगळ्यात आधी मार्कशीटचं मूल्यमापन करून घ्यायचं. डब्ल्यूईएस, ईसीई अशा संस्था हे काम करतात. मूल्यमापन करताना ‘विषयवार’ प्रकार निवडा. त्यातून तुमचे कोणते विषय, किती क्रेडिटचे धरले गेले हे कळतं. आणि पैसे भरण्याआधी तुम्हाला हव्या असलेल्या कॉलेजला कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो, हेही विचारून घ्या.

‘मान्यताप्राप्त’ या शब्दात अडकू नका

सगळ्यात जास्त फसगत या एका शब्दामुळे होते. मान्यता दोन प्रकारची असते. एक संस्थेची, दुसरी त्या विशिष्ट कोर्सची. एखादी खासगी इन्स्टिट्यूट ‘आम्ही मान्यताप्राप्त आहोत’ म्हणते तेव्हा ते खोटं नसतं, पण ती मान्यता बऱ्याचदा फक्त संस्थेची असते.

सोनोग्राफीच्या कोर्सला मान्यता देणारी प्रमुख संस्था आहे सीएएएचईपी. तिच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त कोर्सची यादी सगळ्यांसाठी खुली आहे. त्यात आणखी एक गोष्ट पाहा. मान्यता शाखेनुसार मिळते. पोटाची सोनोग्राफी, स्त्रीरोग आणि गर्भ, हृदय, रक्तवाहिन्या अशा शाखा वेगवेगळ्या असतात. तुम्हाला हृदयाची इको शिकायची असेल आणि कॉलेजची मान्यता फक्त पोटाच्या सोनोग्राफीची असेल, तर उपयोग नाही.

याने फरक काय पडतो? नोकरी देताना बहुतेक हॉस्पिटल एआरडीएमएस या संस्थेची नोंदणी मागतात. मान्यताप्राप्त कोर्स केला की त्या शाखेच्या परीक्षेला थेट बसता येतं. मान्यता नसलेला कोर्स केला, तर बॅचलर्स पदवीच्या आधारे अर्ज करायचा मार्ग आहे, पण त्यासाठी १२ महिने पूर्णवेळ सोनोग्राफीच्या कामाचा अनुभव लागतो. आणि नोंदणी नसलेल्याला हॉस्पिटल स्कॅनिंगला उभं करत नाही. नोंदणीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोंदणी, या चक्रात माणूस अडकतो.

प्रवेशाआधी कोणते विषय लागतात?

कॉलेजनुसार यादी बदलते, पण चार गोष्टी जवळजवळ सगळीकडे असतात: शरीररचना आणि शरीरक्रिया, भौतिकशास्त्र, बीजगणित किंवा संख्याशास्त्र, आणि इंग्रजी लेखन किंवा संभाषण. अनेक ठिकाणी वैद्यकीय परिभाषेचा छोटा कोर्सही मागतात.

यातले काही विषय तुम्ही भारतात केलेले असतील. तरी दोन प्रश्न उरतात. पहिला, त्यात प्रॅक्टिकल होतं का? दुसरा, ते किती जुने आहेत? विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांच्या आतले हवेत, अशी अट अनेक कॉलेज घालतात. दहा-बारा वर्षांपूर्वीची बीएस्सी असेल, तर काही विषय पुन्हा करावे लागतील असं धरूनच चाला. हे विषय कम्युनिटी कॉलेजमध्ये करणं तुलनेने स्वस्त पडतं.

भौतिकशास्त्राला घाबरून ते शेवटी ठेवू नका. ध्वनिलहरी, वारंवारता, परावर्तन आणि डॉपलर परिणाम यांवरच हे सगळं यंत्र चालतं. पाया कच्चा राहिला तर मुख्य कोर्समध्ये तोच विषय सगळ्यात जड जातो.

कॅलेंडर उलटं मांडा

बऱ्याच कोर्सला प्रवेश वर्षातून एकदाच असतो आणि जागा मोजक्या असतात, कारण जितक्या हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष कामाची सोय, तितकेच विद्यार्थी. म्हणून शेवटापासून मागे मोजा.

समजा कोर्स ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि अर्जाची मुदत फेब्रुवारीत संपते. शरीररचनेचा विषय दोन सत्रांत विभागलेला असतो आणि पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही. म्हणजे अर्जाच्या आदल्या वर्षीच्या जानेवारीत पहिला भाग आणि गणित घ्यायचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा भाग आणि भौतिकशास्त्र. मार्कशीटचं मूल्यमापन त्याच्याही आधी.

आता बेरीज करा. पहिल्या जानेवारीपासून कोर्स सुरू होईपर्यंत १९ महिने. कोर्स दीड वर्षाचा धरला तर एकूण ३७ महिने. मग नोकरीचा शोध. पहिला पगार हातात यायला तीन वर्षांहून जास्त काळ लागतो. ‘एका वर्षात करिअर’ अशा जाहिरातीत हा आधीचा काळ धरलेला नसतो.

कोर्समध्ये काय असतं?

अल्ट्रासाउंडचं भौतिकशास्त्र, अवयवांची आडव्या-उभ्या छेदातली रचना, पोट, गर्भाशय आणि गर्भ, रक्तवाहिन्या, थायरॉइडसारखे वरवरचे अवयव, आजारांची ओळख आणि स्कॅनिंगची लॅब. त्यानंतर हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम. हे बहुधा बिनपगारी आणि जवळजवळ पूर्णवेळ असतं. त्याआधी लसीकरणाचे पुरावे, सीपीआरचं प्रमाणपत्र आणि पार्श्वभूमी तपासणी लागते. लहान मूल असेल तर या काळातल्या पाळणाघराचा खर्चही फीइतक्याच गांभीर्याने धरा.

एआरडीएमएसच्या नोंदणीसाठी दोन परीक्षा आहेत. एक भौतिकशास्त्र आणि यंत्राची, जिला एसपीआय म्हणतात. दुसरी तुमच्या शाखेची. दोन्ही पाच वर्षांच्या आत पास व्हाव्या लागतात. भौतिकशास्त्र शिकून झाल्यावर लगेच, कोर्स चालू असतानाच एसपीआय देऊन टाकणं सोयीचं.

व्हिसाचं काय?

एच-४ वर शिकता येतं, पण कामाचं परवानापत्र असल्याशिवाय नोकरी करता येत नाही. २०१५ पासून हे परवानापत्र काही एच-४ धारकांना मिळतं. मुख्य अट म्हणजे जोडीदाराच्या ग्रीनकार्ड प्रक्रियेतला आय-१४० अर्ज मंजूर झालेला असणं.

भारतातून थेट विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांसाठी रस्ता जास्त अवघड आहे. एच-१बी अशाच कामाला मिळतो, ज्यासाठी किमान त्या विषयाची बॅचलर्स पदवी लागते. सोनोग्राफरसाठी दोन वर्षांची असोसिएट पदवीही पुरते. म्हणून हे काम त्या चौकटीत बसवणं कठीण जातं. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली. कोर्सची फी भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेणं शहाणपणाचं.

आणि भारतात परत आलात तर?

हे सर्टिफिकेट इथे जवळपास निरुपयोगी ठरेल. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सगळ्यात आधी कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, जो आज पीसीपीएनडीटी म्हणून ओळखला जातो. त्यानुसार मशीन आणि केंद्र दोन्हींची नोंदणी लागते, आणि गरोदर स्त्रीची सोनोग्राफी फक्त पात्र डॉक्टरच करू शकतात. अमेरिकेतली नोंदणी दाखवून इथे प्रोब हातात घेतला, तर तो गुन्हा ठरू शकतो.

मग ठरवायचं कसं?

तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. मी राहते किंवा राहतो तिथून रोज जाता येईल अशा अंतरावर, मला हव्या त्या शाखेची मान्यता असलेला कोर्स आहे का? तो संपेल तेव्हा मला काम करण्याचा कायदेशीर हक्क असेल का? आणि तोपर्यंतची तीन वर्षं घरखर्च एका पगारावर चालेल का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर हा रस्ता चांगला आहे. एकाचंही उत्तर ‘माहीत नाही’ असेल, तर आधी ते शोधा. फी नंतर भरता येईल.