‘संहिता’ नव्हे, ‘पाठ’

इंग्रजीतील ‘टेक्स्ट’ या नामाला मराठी समीक्षेने ‘संहिता’ हा प्रतिशब्द बहाल केला आणि तो आता इतका रुळला आहे की, त्याची चिकित्सा करणे अगत्याचे वाटेनासे झाले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ही निवड मूळ संकल्पनेच्या विरोधात जाणारी आहे.

‘टेक्स्ट’ हा इंग्रजीत रोजच्या वापरातला शब्द. विद्यार्थ्याचे क्रमिक पुस्तक ‘टेक्स्टबुक’. धर्मोपदेशक प्रवचनासाठी बायबलमधील जे वचन निवडतो ते त्याचे ‘टेक्स्ट’. पानावरील चित्रे व तळटीपा वगळून उरणारा मजकूरही ‘टेक्स्ट’. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला लघुसंदेश धाडला गेला. पुढे मोबाइलवरचा दोन शब्दांचा निरोपही ‘टेक्स्ट’ ठरला. शब्दाचा पैस असा मोकळा असल्यानेच जाहिरातीला किंवा पोशाखाला ‘टेक्स्ट’ म्हणणे इंग्रजी वाचकाला पेलते. रोलां बार्थ यांनी १९७१ च्या निबंधात कलाकृती आणि ‘टेक्स्ट’ यांत जो भेद केला, तोही याच दिशेचा: कलाकृती फडताळात ठेवता येते, ‘टेक्स्ट’ वाचनाच्या क्रियेतच घडत राहते.

आता ‘संहिता’ हा शब्द मराठी माणूस कोठे ऐकतो? ऋग्वेदसंहिता, चरकसंहिता, निवडणुकीची आचारसंहिता. २०२४ मध्ये दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. कायदा बदलला, शब्द टिकला. सर्वत्र ध्वनी एकच: अधिकृत, सिद्ध, बंधनकारक. नाट्यव्यवहारात परिनिरीक्षण मंडळाकडे सादर होते ती संहिता आणि रंगमंचावर घडतो तो प्रयोग. ‘प्रयोग हीही संहिताच’ हे विधान रंगकर्मीला वदतोव्याघात वाटले, तर दोष त्याच्या आकलनाचा नव्हे.

‘संहिता’वादी व्युत्पत्तीचा आधार घेतात: लॅटिन धातूचा अर्थ विणणे, ‘संहिता’चा एकत्र जोडलेली, म्हणजे दोन्ही सजातीय. परंतु शब्दाचा अर्थ व्यवहारात ठरतो, धातुपाठात नव्हे. ‘आचारसंहिता’ ऐकताना कोणाला सांधा जाणवतो?

वास्तविक योग्य शब्द आपल्या घरातच होता. वैदिक परंपरेत संहितापाठ, पदपाठ, क्रमपाठ असे प्रकार आहेत. म्हणजे ‘पाठ’ ही जाती आणि ‘संहिता’ हा तिचा एक प्रकार. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती शेकडो हस्तलिखितांतील पाठभेदांच्या छाननीवर उभी आहे. ‘पाठभेद’ या शब्दातच एका रचनेची अनेक रूपे संभवतात ही जाणीव आहे. शिवाय शाळेतला पाठ, हरिपाठ, तोंडपाठ असा हा शब्द घरोघर वावरतो.

‘पाठ’ अनेकार्थी आहे, परिभाषेला नेमकेपणा हवा, असा आक्षेप येईल. पण ‘टेक्स्ट’ तरी एकार्थी कोठे आहे? त्या अनेकार्थतेवरच तर या सिद्धान्ताची मदार आहे.

हा वाद केवळ कोशकारांचा नाही. ज्या संज्ञेला आपल्या बोलण्यात आधार नाही, तिची कसोटी विद्यार्थी घेऊ शकत नाही. तो ती मुकाट्याने स्वीकारतो आणि उत्तरपत्रिकेत उतरवतो. वाचकाला स्वातंत्र्य देऊ पाहणारा सिद्धान्त अशा रीतीने वर्गात आज्ञा होऊन पोहोचतो. ‘संहिता’ नाटकाकडे आणि कायद्याकडे राहू द्यावी. समीक्षेने ‘पाठ’ हा शब्द स्वीकारावा.