डॉक्टर हवेत, तसे आरोग्य-प्रशासकही हवेत

पदवी पदरात पडली की आपल्या महाड-पोलादपूरच्या कलाशाखेच्या विद्यार्थ्याला बहुधा तीन वाटा दिसतात : बी. एड., स्पर्धापरीक्षा, नाहीतर मुंबईची गाडी. राज्यशास्त्राचा विद्यार्थी लोकप्रशासनाचा एखादा पेपर देतो आणि निकालाबरोबर तो विषय विसरून जातो. हाच विषय त्याने एम. ए.च्या पातळीवर, आरोग्यसेवेच्या अंगाने शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘आरोग्याशी आर्ट्सवाल्यांचा संबंध काय?’ असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या बिरवाडीत आहे. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने माणसे दगावत होती. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णांजवळ बसून निरीक्षणे टिपली. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर गुणकारी ठरते, हा त्यांचा निष्कर्ष १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. शोध लावणे हे डॉक्टरांचे काम. ते त्यांनी केले. पण ती गोळी पावसाळ्यापूर्वी उपकेंद्रात पोचली का, परिचारिकेला ती केव्हा द्यायची हे शिकवले का, मध्यरात्री वाडीवरून रुग्ण उतरवायला वाहन आहे का, हे प्रश्न वैद्यकशास्त्राचे नव्हेत, प्रशासनाचे आहेत. गोळी कपाटात आणि रुग्ण डोंगरावर राहिला, तर शोधाचा उपयोग काय?

महाडकराला हे नव्याने सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांतले अंतर किती असते, याचा याहून मोठा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

आरोग्याचे कागदही तसेच आहेत. डोंगरी भागात वीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांना एक उपकेंद्र, असा निकष आहे. हा निकष माणसे मोजतो, चढ मोजत नाही. पोलादपूरच्या घाटमाथ्याखालच्या वाड्या पावसात कशा तुटतात, हे त्यात कुठे आहे? २२ जुलै २०२१ रोजी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच सुमारास सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. अशा वेळी दिवस भरलेल्या स्त्रिया कोणत्या वाडीवर आहेत, त्यांना आधीच खाली कधी आणायचे, पूर ओसरल्यावर कोणत्या विहिरीत प्रथम औषध टाकायचे, याची यादी आधीच तयार हवी. ती डॉक्टरने करावी म्हटले, तर रुग्ण कोणी तपासायचे?

‘पदवी घेऊन नोकरी कुठे?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने जिल्ह्या-जिल्ह्यात कार्यक्रम व्यवस्थापक आणले, पण कंत्राटावर. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग सुचवला. २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या. तमिळनाडूत असा सार्वजनिक आरोग्याचा वेगळा विभाग जुनाच आहे. आरोग्य हा राज्याचा विषय. तेव्हा ही पदे कायम करणे शासनाच्या हाती आहे. आज सुशिक्षित तरुणांनी ती मागणी केली नाही, तर ती करणार कोण?

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी वैद्यकीय पदवी नसलेल्यांनाही आरोग्य-प्रशासनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. आपल्यातल्या चार-दोघांनी तिकडे जावे. मात्र नुसत्या टिपणांवर मिळणारी पदवी नको. अभ्यासक्रमात एक पावसाळा डोंगरातल्या उपकेंद्रावर काढणे सक्तीचे असावे. साठ्याची वही कशी लिहितात आणि ती कशी खोटी पडते, हे तिथेच कळते.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्याला वाड्यांची नावे ठाऊक आहेत, वाटा ठाऊक आहेत, माणसांची बोली येते. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला हे शिकायला वर्षे लागतात, आणि तोवर त्याची बदली होते. हे भांडवल आपल्याजवळ फुकट आहे. त्याला शास्त्राची जोड द्यायची की तेही मुंबईच्या गाडीत बसवून पाठवायचे, हे आपण ठरवायचे आहे.