बोटीवरचा मुलगा आणि बोटीवरची मुलगी

लंडनमध्ये टेम्स नदीच्या काठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे मुख्यालय आहे. या संघटनेच्या पुढाकाराने २०२२पासून १८ मे हा सागरी क्षेत्रातील महिलांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने प्रशिक्षण, समान संधी आणि नेतृत्व यांवर बरेच बोलले जाते. मात्र वर्षातील निम्मा काळ जहाजावर घालवणाऱ्या तरुणीला जोडीदार कसा आणि कुठे मिळावा, हा प्रश्न व्यासपीठावर क्वचितच येतो. तो खासगी मानला जातो. वस्तुतः तो या उद्योगाच्या मनुष्यबळाचाही प्रश्न आहे.

बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग यांच्या २०२१च्या अहवालानुसार जगात २४,०५९ महिला जहाजांवर काम करत होत्या. एकूण दर्यावर्दींमध्ये त्यांचे प्रमाण केवळ १.२८ टक्के होते. २०२६पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील, असेही त्याच अहवालात म्हटले होते. म्हणजे माणसे हवी आहेत. पण रुजू झालेल्या मुली टिकतात का, हे बरेचसे त्यांच्या घरगुती आयुष्यावर अवलंबून आहे.

बाहेरच्याला वाटते, सभोवती सगळे पुरुषच, तेव्हा निवड सोपी असणार. प्रत्यक्षात वीस-पंचवीस जणांच्या जहाजावर ती बहुधा एकटीच असते. जवळीक वाढलेला अधिकारी तिच्या कामाचा अहवाल लिहिणाराही असू शकतो. नाते तुटले, किंवा तिने नकार दिला, तरी करार संपेपर्यंत त्याच मेसमध्ये जेवावे लागते. लैंगिक छळ व दांडगाई रोखण्याचे धडे दर्यावर्दींच्या मूलभूत प्रशिक्षणात समाविष्ट करणारी एसटीसीडब्ल्यू दुरुस्ती १ जानेवारी २०२६ ही अंमलबजावणीची तारीख ठरवून मंजूर झाली, ती उगाच नव्हे. अशा ठिकाणी अनेकजणी सावधपणे अंतर राखतात, यात नवल नाही.

किनाऱ्यावरचे चित्रही विषम आहे. आपल्याकडे 'मुलगा बोटीवर असतो' हे स्थळाचे भूषण ठरते: डॉलरमधला पगार, करात मिळणारी अनिवासी सवलत, लांबलचक सुट्टी. तीच नोकरी मुलीची असेल, तर पहिला प्रश्न येतो, 'लग्नानंतर सोडणार ना?' मुलाला हे कोणी विचारत नाही; कारण त्याच्या गैरहजेरीत घर सांभाळणारी बायको गृहीत धरलेली असते. बायकोच्या गैरहजेरीत घर सांभाळणारा नवरा मात्र अजून कोणी गृहीत धरत नाही.

नियमांनी काही वाटा उघडल्या आहेत. सागरी कामगार करारातील २३ डिसेंबर २०२४पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जहाजमालकांनी शक्य तेथवर इंटरनेट पुरवणे अपेक्षित आहे. दूरचे नाते टिकवायला त्याचा आधार होतो. अधूनमधून जोडीदाराला सफरीवर सोबत नेण्याच्या विनंतीचा विचार करावा, असेही हा करार सुचवतो. पण ती केवळ मार्गदर्शक सूचना आहे, बंधन नव्हे.

कंपन्यांनी ही सूचना मनावर घ्यावी, दर्यावर्दी जोडप्यांच्या रजा जुळवून द्याव्यात आणि मूल झाल्यावर काही वर्षे किनाऱ्यावरचे काम देऊन पुन्हा जहाजावर परतण्याची वाट खुली ठेवावी. उरलेले काम मात्र लंडनच्या कोणत्याही ठरावाने होणारे नाही. ते आपल्या दिवाणखान्यात, कांदेपोह्यांच्या बशीसमोर व्हायचे आहे.