शाळेचे नियम आणि मुलांची प्रकृती

गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीला घेऊन तिची आई दवाखान्यात आली. ताप, ओटीपोटात दुखणे, लघवीला जळजळ. चार महिन्यांतली ही तिसरी खेप. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. औषध लिहिता लिहिता मी विचारले, "बाळ, शाळेत पाणी किती पितेस?" खाली मान घालून म्हणाली, "पीतच नाही. प्यायलं की जावं लागतं." गणिताचे सर तासाला सोडत नाहीत, मराठीच्या बाई सोडतात पण सगळ्यांसमोर बोलतात, आणि मधल्या सुट्टीत रांगेत असतानाच घंटा होते. औषधासोबत मी मुख्याध्यापकांच्या नावे चिठ्ठी दिली. आठ दिवसांनी त्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलीची आई तसलीच चिठ्ठी मागायला आली.

वाचकहो, लघवी तासन्‌तास दाबून धरली की मूत्राशयात जंतूंना वाढायला वेळ मिळतो. पाणी कमी प्यायल्याने ते धुऊन जात नाहीत, शिवाय बद्धकोष्ठता जडते आणि त्रासात भर पडते. पण या मुलींचे दुखणे नुसते मूत्राशयाचे नव्हते. कोणाच्या तासाला काय चालते, हे त्यांना रोज नव्याने ओळखावे लागत होते. रविवारी ठणठणीत आणि सोमवारी सकाळी पोट धरून येणारी मुले मी पंचवीस वर्षे पाहतो आहे. त्या सगळ्यांना जंत नसतात.

आपल्या शाळांत नियमांना तोटा नाही. गोंगाट करू नये, व्हरांड्यात पळू नये, पाणी सांडू नये. (माझ्या दवाखान्यातल्या पाचही पाट्या ‘नये’नेच संपतात, तेव्हा हसण्याचा अधिकार मला नाही.) काय करावे, हे मात्र मुलाने बोलणी खात शोधायचे. कानाखाली बसून पडद्याला भोक पडलेले मूलही मी तपासले आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने १ एप्रिल २०१० पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली. उत्तम झाले. पण छडीच्या जागी काय आणायचे, हे माझ्या पाहण्यातल्या शाळांत कोणी बसून ठरवलेले दिसत नाही.

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज सुगाय, रॉबर्ट हॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यावर एक पद्धत बसवली. साऱ्या शाळेसाठी तीन ते पाचच अपेक्षा, त्याही ‘करावे’च्या भाषेत. मग प्रत्येक जागी त्यांचा अर्थ काय ते ठरवायचे. ‘दुसऱ्याची काळजी घ्या’ म्हणजे आपल्याकडे नळावर तोटी बंद करून बाजूला होणे, स्वच्छतागृहात पाणी ओतून बाहेर येणे, पंगतीला हात धुऊन बसणे. हे पाढ्यांसारखे शिकवायचे. मुलांना नळापाशी नेऊन, करून दाखवून. चुकले तर पुन्हा करून घ्यायचे. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांनी एकच सांगायचे. तिकडे चांगल्या वागण्याबद्दल कुपनेही वाटतात. तेवढे आपण आणू नये, असे माझे मत. बाईंनी नाव घेऊन "आज रांग छान लावलीस" म्हटलेले मुलाला पुरते.

माझे एक शिक्षक मित्र म्हणाले, "वर्गात साठ पोरं आहेत, डॉक्टर. एकाला सोडलं की दहा उठतात." खरे आहे. म्हणूनच एकट्या शिक्षकाने हे करून भागत नाही. दाराशी दोन लाकडी बिल्ले टांगा, एक मुलांचा, एक मुलींचा. ज्याला जायचे त्याने बिल्ला घेऊन जावे, विचारायचे कारण नाही. बिल्ला जागेवर आला की पुढचा. प्रत्येक वर्गात हीच रीत असली, तर सरांचा तासही मोडत नाही आणि मुलीला कोणाचे तोंड पाहावे लागत नाही.

सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपण त्यात असाल तर पुढच्या सभेत हा विषय घ्यायला लावा. आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, नळाला पाणी येते का, हे त्याच दिवशी स्वतः पाहून या.