ओव्हरराइडची जबाबदारी

बाहेरून घेतलेल्या लायब्ररीतली एखादी मेथड हवी तशी चालत नसली, की ती ओव्हरराइड करून मोकळे होण्याचा मोह होतो. चार ओळींत काम होते आणि रिलीजही वेळेवर जातो. पण भाषेने मुभा दिली म्हणजे लायब्ररीनेही दिली, असे नव्हे.

जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ या २००१ सालच्या पुस्तकात याचे नेमके उदाहरण दिले आहे. हॅशसेटमध्ये किती घटक घातले, हे मोजण्यासाठी ‘अ‍ॅड’ आणि ‘अ‍ॅडऑल’ या दोन्ही मेथड ओव्हरराइड केल्या. तीन घटक एकदम घातले, तर मोजणी सहा आली. कारण ‘अ‍ॅडऑल’ आतून ‘अ‍ॅड’लाच बोलावते. ‘अ‍ॅडऑल’चे ओव्हरराइड काढले की आकडा जुळतो खरा, पण तो आतल्या ज्या रचनेच्या भरवशावर जुळतो, तिची हमी कोणीही दिलेली नसते. पुढच्या आवृत्तीत ती बदलली तर मोजणी चुकेल आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही.

आपले नसलेले बदलण्याची किंमत पुढे इतरांनाही मोजावी लागते. मूटूल्स या लायब्ररीने जावास्क्रिप्टच्या मूळ ‘अ‍ॅरे’वर आपली ‘फ्लॅटन’ मेथड चढवली होती. पुढे भाषेतच त्या नावाची मेथड आणायचे ठरले, तेव्हा मूटूल्सच्या जुन्या आवृत्तीवर उभी असलेली संकेतस्थळे मोडतील, हे २०१८ मध्ये लक्षात आले. अखेर भाषेने माघार घेतली आणि मेथडचे नाव ‘फ्लॅट’ झाले. भाषेत येऊ घातलेल्या ‘कंटेन्स’ मेथडचे ‘इन्क्लूड्स’ होण्यामागेही मूटूल्सशी होणारा असाच संघर्ष होता. कोणे एके काळच्या सोयीसाठी सगळ्या जगाला नाव बदलावे लागले.

म्हणून जी मेथड ओव्हरराइड करण्यासाठीच ठेवली आहे, असे लायब्ररीच्या दस्तऐवजात लिहिले असेल, तीच ओव्हरराइड करावी. इतर ठिकाणी त्या वर्गाचा ऑब्जेक्ट आपल्या वर्गात ठेवून त्याच्यामार्फत काम करून घ्यावे. दोष लायब्ररीचाच असेल तर दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी; तिचा लाभ सर्वांना होतो. ती येईपर्यंत ओव्हरराइडवाचून गत्यंतर नसेल, तर लायब्ररीची आवृत्ती पक्की बांधावी, ओव्हरराइडचे कारण कोडमध्ये लिहावे आणि त्या वर्तनावर टेस्ट ठेवावी. एवढे करायला वेळ नसेल, तर ओव्हरराइड करायलाही वेळ नाही असेच समजावे. वाचवलेला तो तास आपल्यानंतर तो कोड सांभाळणाऱ्याच्या माथी पडतो.